पुढलं स्टेशन ठाणं

गुणाजीबुवा राऊळ आजारी पडले याबद्दल शिवकृपा चाळीची तक्रार नव्हती. आजारी पडायला कुणाची ना नव्हती. घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या त्या चाळीत कावीळ होती, टायफॉइड होता, तळमजल्यावर एकाला चक्क मुतखडा होता आणि तो डबीत घालून आल्यागेल्याला दाखवला जाई. तक्रार एवढीच की बुवांचा आजार दाखवता येत नव्हता. ताप नाही, खोकला नाही, कुठे सूज नाही. माणूस खाटेवर बसून भिंतीकडे बघतो, याला आजार म्हणायचं तर मग अर्धी सरकारी कचेरी आजारीच म्हणायची.

बुवा म्हणजे भजनाचे बुवा. दिवसा ते मरोळच्या एका कारखान्यात खोकी बांधत आणि सुट्टीच्या दिवशी डबलबारी करत. डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा समोरासमोरचा सामना. एकाने देवाचं नाव घ्यायचं आणि देवाच्याच चालीवर समोरच्याची अब्रू काढायची. मग समोरच्याने तितक्याच भक्तिभावाने ती परत करायची. ज्याला उत्तर सुचलं नाही तो हरला. कोकणातून मुंबईत आलेल्या माणसाला हा प्रकार सिनेमापेक्षा प्यारा, कारण यात पुण्यही लागतं आणि शिव्याही ऐकायला मिळतात.

रत्नप्रभाला नवऱ्याचं दुखणं पहिल्यांदा कळलं ते पेटीवरून. शहाऐंशीचे गणपती झाले आणि बुवांनी पेटी खाटेखाली सरकवली. मग दाढी राहिली. मग आंघोळ राहिली. मग उत्तर देणं राहिलं. "भात वाढू?" असं विचारलं तर बुवा त्या प्रश्नावर इतका वेळ विचार करत की भात निवून जाई. एकदा तिने फार खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "भातो मारतंय, मारतंय, पण वारोच भरणा नाय गो." पेटीबद्दल बोलतायत असं समजून तिने पेटी दुरुस्तीला नेली. दुकानदाराने वाजवून दाखवली. पेटी उत्तम होती.

चाळीला मात्र कारण हवं होतं. शिवकृपात विनाकारण काही होण्याची पद्धत नव्हती. कुणी म्हणालं, गिरणीचा संप. पण संपात बुवा गिरणीतून घरी बसले होते तेव्हा रोज पाचदा चहा पीत आणि मालकांवर अभंग रचत. भिंतीकडे बघायला लागले ते मरोळची नोकरी पक्की झाल्यावर. कुणी म्हणालं, मूलबाळ नाही. त्याचंही वाईट वाटून नवरा-बायकोचं कधीच झालं होतं. शेवटी कारण सापडलं ते मधुकर सावंताला. मधुकर हा भजनी मंडळाचा सेक्रेटरी, एका बँकेत हेडक्लार्क. त्यामुळे कुठलीही गोष्ट कुठल्यातरी खात्यात टाकल्याशिवाय त्याला झोप येत नसे.

"वहिनी, विडा!" तो दारातूनच ओरडला. "गणपतीतला सामना आठवा. आपण जिंकलो. मग रीतीप्रमाणे सहदेवबुवाने आपल्या बुवांना विडा दिला. बुवांनी खाल्ला. विड्यात काय होतं?"

"काय होता?"

"तेच तर ना! गळा बांधला त्याने. करणी केली."

बोरिवलीचे सहदेवबुवा लाड हे बुवांचे जुने प्रतिस्पर्धी. हरलेल्याने जिंकलेल्याला विडा द्यायचा ही सामन्याची रीत, आणि आजवर असे विडे खाऊन बुवांना फार तर पित्त झालं होतं. पण कारण मिळाल्यावर चाळीने सुटकेचा नि:श्वास टाकला. करणीला उपाय असतो. भिंतीकडे बघण्याला काय उपाय?

तोवर मंडळाने ठराव केला की बुवांना एकटं सोडायचं नाही आणि त्यांना हसवायचं. रोज संध्याकाळी कार्यकारिणी खोलीत येऊन बसू लागली. मधुकर आपल्या साहेबाची नक्कल करी. रत्नप्रभाचा भाऊ लवू, जो मंडळात पखवाज वाजवायचा, तो पखवाजावर कोंबडा आरवून दाखवी. सगळे खो खो हसत आणि मग एकदम थांबून बुवांच्या तोंडाकडे बघत. "बुवा, हसा की! हसायला काय टॅक्स पडतो?" एकदा बुवांनी खरोखरच प्रयत्न केला. दुकानाचं शटर अर्ध्यात अडकावं तसा चेहरा झाला. मंडळी तेवढ्यावर खूश होऊन चहा पिऊन गेली. त्या रात्री बुवा जेवले नाहीत.

एका मंगळवारी रत्नप्रभा बाजारातून आली तर घर आवरलेलं. बुवांचे शर्ट घडी करून ठेवलेले. रेशनकार्ड तिच्या शिवणाच्या मशीनवर, सहज दिसेल असं. हातातलं घड्याळ काढून तिच्या सुयांच्या डब्यात. आणि बुवांनी दाढी केली होती. महिन्यांनी. चाळीतल्या बायका म्हणाल्या, बघ, बरे झाले. रत्नप्रभाने मात्र सुयांच्या डब्यातून घड्याळ उचललं.

"ह्यां काय?"

"काय नाय. तुका सोपां पडात."

"काय सोपां पडात?"

बुवांनी शर्टांच्या घडीवरून हात फिरवला. त्यांचा आवाज कित्येक दिवसांत इतका शांत नव्हता. रत्नप्रभाने आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून ती उजाडेपर्यंत बसून राहिली.

सकाळी तिने त्यांना महानगरपालिकेच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे मनाच्या दुखण्यांचा विभाग नेमका दातांच्या विभागाच्या डोक्यावर होता, त्यामुळे चाळीशी फारसं खोटंही बोलावं लागलं नाही. "दाताच्या डिपार्टमेंटाकडे जातंय," एवढंच ती म्हणाली.

डॉक्टर मीरा म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांच्या दारात एवढी माणसं होती की त्यांना गोड बोलायला सवड नव्हती. त्यांनी बुवांना आत घेऊन बरंच काही विचारलं, मग रत्नप्रभाला बोलावलं.

"डिप्रेशन आहे. नैराश्य. हा आजार आहे, आळस नाही."

"पण कित्याक झाला?"

"कारण सापडलं तर मलाही कळवा. नाही सापडलं तरी गोळ्या लागू पडतात."

"ते रडणत नाय. नुसते बसतत."

"रडू येतं त्याला अजून काहीतरी वाटत असतं. यांना वाटेनासं झालंय. आणि घरी त्यांना कोण हसवतं? ते म्हणाले, रोज हसवायला माणसं येतात."

रत्नप्रभाने मंडळाचं नाव सांगितलं.

"बंद करा. टायफॉइडच्या माणसाला हसवून ताप उतरवता का? सकाळी त्यांना उठवा, आंघोळ करायला लावा, गल्लीच्या टोकापर्यंत चालवत न्या आणि परत आणा. बास. 'कसं वाटतंय' विचारू नका. वाईटच वाटत असतं आणि वर तुम्हाला बरं वाटावं म्हणून त्यांना खोटं बोलावं लागतं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातील. तोंडाला कोरड पडेल, हात थोडा कापेल. मी सांगेपर्यंत बंद करायच्या नाहीत. बरं वाटायला लागलं की माणूस गोळ्या सोडतो आणि मग परत जातो."

"खंय जाता?"

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच कागदावरून मान वर केली. "ते म्हणाले, तुम्ही रात्रभर दाराला पाठ लावून बसलात. तिथेच."

मग गल्लीचं टोक सुरू झालं. पहिल्या दिवशी ते गाठायला बुवांना काशीयात्रेएवढा वेळ लागला. वाटेत दोनदा थांबून म्हणाले, "कित्याक?" रत्नप्रभा म्हणाली, "डॉक्टरीण ओरडतली म्हणान." या कारणात अध्यात्म काही नव्हतं, पण ते चाललं. गोळी, आंघोळ, गल्लीचं टोक. गोळी, आंघोळ, गल्लीचं टोक. हसवायला येणाऱ्यांना तिने "दाताक सूज हा" म्हणून दारातूनच वाटेला लावलं. मंडळाला ते लागलं. आपल्या विनोदांचा असा अपमान त्यांनी अपेक्षिला नव्हता.

आणि एके दुपारी बुवांनी बांगड्याच्या आमटीचा घास घेतला, थांबले आणि म्हणाले, "सोलां कमी पडली."

रत्नप्रभा उठून मोरीच्या पडद्याआड गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली. कितीतरी महिन्यांनी नवऱ्याला एखादी गोष्ट बरी नाही असं वाटलं होतं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण बुवा बोलू लागले ही बातमी मधुकरपर्यंत पोचली आणि त्याने सामना ठरवून टाकला. बुवा राऊळ विरुद्ध बुवा लाड. मुलुंडच्या एका शाळेचं पटांगण, रविवारी दुपारी, कारण शाळेने मैदान दिवेलागणीपर्यंतच दिलं होतं. शिल्ड लावली, बोर्ड रंगवले.

"ज्याने गळा बांधला त्याच्याच समोर बसून गायचं," मधुकर म्हणाला. "करणी जागच्या जागी फुटते. शास्त्रच आहे ते."

बुवांच्याच खोलीत तालीम झाली. बुवा पेटीवर बसले, भाता मारला, तोंड उघडलं आणि जीभ टाळूला चिकटली. "विठ्ठल" म्हणायला गेले ते "विट्टल" आलं. बोटं पट्टीवर थरथरली. पाणी प्यायले, परत सुरू केलं. दोन ओळींत परत वाळवंट. लवूने पखवाज थांबवला. पखवाजाची वादी तुटायला आली होती, ती शिवायला त्याने बहिणीच्या डब्यात दाभण शोधलं, आणि दाभणाच्या जागी त्याला गोळ्यांची पट्टी मिळाली.

"बाय, ह्ये कसले गोळये?"

"दाताचे."

"दाताचे गोळये एवढे दिवस? दात आसा काय हत्तीचो सुळो?"

मधुकरने गोळीचं नाव केमिस्टला दाखवलं. केमिस्टने नुसत्या भुवया वर केल्या. त्या भुवया संध्याकाळपर्यंत चाळभर झाल्या.

वेड्यांचं इस्पितळ ठाण्याला, म्हणून मुंबईत कुणाचं डोकं फिरलं की त्याला ठाण्याला पाठवतात, निदान तोंडाने तरी. नळावर आता रत्नप्रभाला बघून बायका ठाण्याच्या भाज्या, ठाण्याचा तलाव, ठाण्याचे नातेवाईक यांबद्दल बोलू लागल्या. शेजारच्या सोनूबाई तर गळ्यात पडल्या. "अगो, मगे आमका सांगूक काय झाला होता? आमी काय परके?" असं म्हणून त्यांनी डोळे पुसले, आणि राऊळांच्या दारात खेळणाऱ्या नातीला दंडाला धरून घरात नेलं.

रात्रीच्या जेवणाआधी मधुकर आणि लवू येऊन बसले.

"वहिनी, साधी गोष्ट आहे. करणी सुटायला सामना हवा. सामन्याला गळा हवा. गळ्याला गोळ्या नडतात. मग काय बंद करायचं?"

"तुमचो सामनो," रत्नप्रभा म्हणाली.

"मंडळाची अब्रू आहे हो! बोर्ड रंगवलेत!"

"बाय, भावजी आता बरे आसत," लवू म्हणाला. "बरो माणूस औषध खाता काय?"

रत्नप्रभाने नवऱ्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, ते तिची बाजू घेतील. बुवा पेटीवरची धूळ बोटाने पुसत होते.

"माका गाऊचां आसा," ते म्हणाले. "मी बरो आसंय."

"गोळयेनी बरे आसात!"

"मगे झालंय नाय बरो? आता कित्याक खाऊ?" बुवा उठले. "गो, मी बसलंय होतंय ना खाटेर, तेव्हा माका काय वाटला नाय. आता वाटता. आता माझ्या तोंडातसून सूर येणा नाय, ह्याचा माका वाटता. ह्या औषधान माका जिवंत केल्यान आणि गळो काढून घेतल्यान. असलो जीव घेवन काय करू?" आणि त्यांनी पट्टी मोरीत फेकली.

याला रत्नप्रभाकडे उत्तर नव्हतं. डबलबारीच्या नियमाने ती तिथेच हरली. मधुकरने समाधानाने मान डोलावली. बुवांना बोलताना, रागावताना बघून तो म्हणालाही, "बघा, गोळ्या टाकल्याबरोबर कसं तेज आलं!"

गोळ्या सुटल्यावर त्यांच्या जागी काहीतरी हवं, म्हणून मधुकरने मनोरीचा भगत शोधला. मनोरीला जायला मार्व्याहून होडी लागते. भगताची ताकद त्याच्याकडे पोचायच्या त्रासावर ठरते असा चाळीचा अनुभव होता. बसने जाता येईल असे भगत कुणी मनावर घेत नसे. भगताने बुवांच्या गळ्यावरून लिंबू फिरवलं, समुद्राकडे बघून जांभई दिली आणि अंगारा दिला. "रोज गुळाच्या खड्यात घालून द्यायचा. चुकवायचं नाही. आणि हात बायकोचाच पायजे."

रत्नप्रभाने वाकून मनापासून नमस्कार केला. आजवर कुठल्याही देवमाणसाने तिची इतकी सोय केली नव्हती.

डॉक्टरीणबाईंकडून तिने गोळ्यांचा पुढचा साठा आणला. रोज संध्याकाळी ती शिवणाचं मशीन मोठ्याने चालवी, त्याच्या आवाजाआड मांडीवरच्या खलात गोळी कुटी, अंगाऱ्यात मिसळी आणि गुळात वळी. आपण काय करतोय हे तिला नीट ठाऊक होतं. कुटताना दर वेळी तिला तोच सूर ऐकू येई, पहिल्यांदा लग्नात ऐकलेला, ज्याच्यावर भाळून तिने गावाकडचा शाळामास्तर नाकारला होता. तो सूर ती खलात बारीक करत होती. पण घडी केलेले शर्ट तिने पाहिले होते. ते चाळीने पाहिले नव्हते.

"अंगारो कडू लागता," बुवा म्हणाले.

"करणी सुटताना कडूच लागते," मधुकर म्हणाला.

"कोरड जाणा नाय."

"ती पाणी शोषते ना, बुवा. तिची शेवटची धडपड."

त्याच्याकडे सगळ्याला उत्तर होतं. अशा ज्ञानाचं हेच बरं असतं.

मुलुंडच्या पटांगणात माणूस मावत नव्हता. दोन मंच समोरासमोर, मधे बायकांना सतरंजी. शिवकृपा चाळ झाडून आली होती. बुवांनी पेटीला नमस्कार केला, तांब्यातलं पाणी प्यायलं आणि पहिला अभंग धरला. बरा गेला. दुसऱ्यात अंतऱ्यावर ते थांबले, पाणी प्यायले. गवळणीत पुन्हा. लवू पखवाज लांबवत राहिला. भजनापेक्षा पखवाजच जास्त झाला. सहदेवबुवा समोरून पापणी न हलवता बघत होते. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी आधी शांतपणे नाक पुसलं आणि मग गजर उचलला.

"भरा तांब्या, भरा हंडा, भरा गं घागर,
घाटकोपरच्या बुवांच्या घशात आटला सागर!"

मैदान हसलं. शिवकृपा चाळही हसली, मग कोण बघतंय हे आठवून थांबली. सहदेवबुवांनी दोनदा कोरस घोळवून घेतला आणि अगदी मऊ, जवळजवळ काळजीच्या आवाजात पुढचं सोडलं.

"गळ्यामध्ये सूर नाही, कसलं म्हणता गाणं?
मुलुंडला का उतरलात, बुवा? पुढलं स्टेशन ठाणं!"

म्हणजे बोरिवलीपर्यंत पोचलं होतं. आधी क्षणभर शांतता झाली, कारण चांगला टोला कळायला क्षण लागतो. मग पटांगण फुटलं. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. सतरंजीवरच्या बायका पदर तोंडात धरून लोळायच्या बाकी होत्या. सोनूबाईंनी रत्नप्रभाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोच हात हसण्याने गदगदत होता. लवूने मान खाली घातली, पण त्याची बोटं सवयीने त्या ठेक्यावर पडत होती.

रत्नप्रभाने डोळे वर करून मंचाकडे पाहिलं. आणि तिला दिसलं की बुवा हसतायत.

शटर नव्हे. खरं हसणं, डोळ्यांपर्यंत गेलेलं. एवढंच नाही, त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला होता, चांगल्या ओळीला दाद द्यायला जातो तसा. साहेबाची नक्कल, पखवाजावरचा कोंबडा, अख्खी कार्यकारिणी. कुणालाही जे जमलं नव्हतं ते या एका ओळीने केलं होतं. ओळ फर्मास होती आणि बुवांना ती फर्मास वाटली होती.

मग त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. काही आलं नाही. तांब्या उचलला, रिकामा होता. जीभ टाळूवरून सोडवताना ते एकदम थबकले. ही कोरड करणीची नव्हती. ही त्यांच्या ओळखीची होती. त्यांनी सतरंजीवरच्या बायकांत शोधत शोधत नजरेने रत्नप्रभाला गाठलं आणि बघत राहिले. तिने मान वळवली नाही. सूत्रसंचालकाने घड्याळ दाखवलं. बुवांनी पेटीचं झाकण लावलं.

सामन्यानंतर विड्याची रीत झाली. या खेपेस हरलेले बुवा राऊळ होते. विडा त्यांनी द्यायचा. सहदेवबुवांनी तो सरळ तोंडात टाकला. मंडळातले चौघे शहारले. रत्नप्रभा चपला घालायला जवळ उभी होती म्हणून तिला पुढलं ऐकू आलं.

"बुवानु, लिंबाची फोड गालात धरूची," सहदेवबुवा चावता चावता म्हणाले. "कोरड कमी होता. माझो थोरलो भाव धरायचो."

"धरायचो?"

"हेच गोळये. बरो झालो म्हणान सोडल्यान." सहदेवबुवांनी पिंक टाकली. "गेलो मगे."

"आणि तरी तुमी ती ओळ म्हटलास?"

"सामनो होतो," सहदेवबुवा म्हणाले, आणि शिल्ड घ्यायला गेले.

मंडळाचा टेम्पो त्यांच्यासाठी थांबला नाही. दोघं बसने निघाली. भांडुप गेलं, विक्रोळी गेली. बुवा खिडकीबाहेर बघत होते.

"अंगाऱ्यात तूच घातलंस."

"व्हय."

"रोज?"

"रोज."

"माझो गळो घेतलंस तू."

"घेतलंय," रत्नप्रभा म्हणाली. "वेळ इली तर परत घेयन."

बुवांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत माया वगैरे नव्हती. घाटकोपरला उतरल्यावर ते बाजारात शिरले आणि लिंबं घेतली. ती पिशवी घेऊन ते चाळीत शिरताना सगळ्यांनी पाहिलं आणि करणीबद्दल ज्यांना थोडा संशय उरला होता तोही गेला.

घरी आल्यावर बुवा खाटेवर बसले आणि त्यांनी हात पुढे केला. तिला आधी कळलं नाही.

"गोळी," बुवा म्हणाले. "गूळ नको."

मंडळाने नंतर कांजूरचा एक तरुण बुवा आणला. त्याचा गळा चांगला होता आणि डोकं रिकामं, त्यामुळे ते आजारी पडायची भीती नव्हती. मधुकरने बुवांची पेटी उचलून ठेवायला रत्नप्रभाला सांगितलं, तेही वहिनी म्हणत, गोड बोलून. मनोरीच्या भगताचं नाव मात्र झालं. एवढी जबर करणी, माणूस हरला पण वाचला, असं चाळ सांगे. आणि ठाण्याची ओळ घाटकोपरभर पसरली. लग्नात, बारशाला, रांगेत, कुणाचं काही चुकलं की लोक चालीवर म्हणत, पुढलं स्टेशन ठाणं. बुवा मरोळहून येताना दिसले की हळू म्हणत, सभ्य लोक होते.

गळ्याची गोष्ट बुवांनी बायकोला माफ केली नाही. तिनेही माफी मागितली नाही. गल्लीचं टोक चालू होतं, आता त्याच्याही पुढे, डोंगराच्या पायऱ्यांपर्यंत. काही दिवस वाईट जात. त्या दिवशी ती काही विचारत नसे, नुसत्या चपला दाराशी नीट लावून ठेवी.

उन्हाळ्यात एका दुपारी ती मशीनवर बसली होती. बुवा गालात लिंबाची फोड धरून खाटेवर पडले होते. एकदम उठून बसले.

"सुचला," ते म्हणाले.

"काय?"

"उत्तर. सहदेवाक." त्यांनी फोड काढून वाटीत ठेवली, घसा खाकरला. आवाज फाटका होता, वरच्या पट्टीत जात नव्हता. त्यांनी मांडीवर ठेका धरला.

"तिकीट होतं माझं, बुवा, ठाण्याच्याही पुढलं,
मुलुंडलाच उतरवलं हो, घरधनिणीनं ओढलं!"

मशीन थांबलं. रत्नप्रभा सुईकडे बघत राहिली. सुईत दोरा होता, तरी तिने तो पुन्हा ओवल्यासारखं केलं.

"आता काय उपेग?" ती म्हणाली. "सामनो कधीच संपलो. आणि म्हणतलो कोण? तुमका कोण बसवता मंचार?"

"कोण नाय," बुवा म्हणाले.

तेवढ्यात खाली नळावर कुणीतरी भांडं भरता भरता ठाण्याची ओळ गुणगुणलं. बुवांनी कान दिला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते उठून खिडकीशी गेले आणि त्या फाटक्या आवाजात, जेवढा होता तेवढा लावून, खाली ओरडले,

"अरे मेल्या, 'ठाण्या'र सूर वर जाता! वर! खाली खंय उतरवतंस?"

खाली एकदम शांत झालं. बुवा चिडून खाटेवर येऊन बसले.

"येक ओळ नीट म्हणूक येणा नाय," ते पुटपुटले. मग त्यांनी वाटीतली फोड परत गालात धरली आणि विचारलं, "आमटी काय केलंस आज?"